कपाशीतले नत्र, तुडतुडे आणि मित्रकीटक: खरीप चाचणीच्या प्रकल्प नोंदी

२८ मे. आखणी

जागा परभणी जिल्ह्यातली, कोरडवाहू, मध्यम ते भारी काळी जमीन, मागचे पीक सोयाबीन. युरिया जास्त पडला की कपाशी काळीभोर होते आणि मावा-तुडतुडे तिच्यावर आधी बसतात, हे शेतात सगळ्यांना दिसते. त्याच झाडावर ढालकिडे (लेडीबर्ड भुंगेरे), क्रायसोपा (जाळीदार पंखांचा मित्रकीटक) आणि किडीच्या अंगात वाढणाऱ्या परोपजीवी गांधीलमाशा किडीला आवरायला पुरतात की मागे पडतात, हे मात्र सहसा कोणी मोजत नाही. या चाचणीत तेच मोजायचे आहे.

मात्रा पाच, प्रत्येकी चार पुनरावृत्ती, म्हणजे २० तुकडे. मराठवाड्यात कोरडवाहू बीटी कपाशीला १२०:६०:६० किलो नत्र-स्फुरद-पालाश प्रति हेक्टर ही शिफारस आहे. ती मधे धरून:

न६० — ६०:६०:६०
न१२० — १२०:६०:६०
न१८० — १८०:६०:६०
शे१२० — १२०:६०:६०, त्यातले निम्मे नत्र शेणखतातून
पा१२० — १२०:६०:१२०, म्हणजे पालाश दुप्पट

एक तुकडा १५ मीटर लांब, १२ मीटर रुंद, म्हणजे १८० चौ.मी. अंतर १२० × ४५ सें.मी., त्यामुळे १० ओळी आणि ओळीत ३३ झाडे. मोजणी फक्त मधल्या ६ ओळींत, दोन्ही टोकांची दीड-दीड मीटर सोडून. तुकड्यांमध्ये आडव्या अंगाने २ मीटर आणि उभ्या अंगाने ३ मीटर वाट. वाटांसह सगळी जागा साधारण साडेशेहेचाळीस गुंठे.

वाटेच्या कडेने ३० सें.मी. उंचीचा मातीचा बांध घालायचाच. काळ्या जमिनीत पहिल्या मोठ्या पावसाला वरचे पाणी खालच्या तुकड्यात उतरते आणि विरघळलेला युरिया सोबत नेते. बांध नसेल तर न६० हा न६० राहत नाही. उतार पूर्व-पश्चिम असल्याने चारही पुनरावृत्ती उताराला आडव्या मांडल्या; आत मात्रांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला.

मातीचा नमुना प्रत्येक तुकड्याचा वेगळा. २० सें.मी. खोल व्ही आकाराचा खड्डा, बाजूची दोन बोटे जाडीची माती, एका तुकड्यात ५ ठिकाणी, मग चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणायचे. उकिरड्याची जुनी जागा एका कोपऱ्यात निघाली. तिथे आधीच इतके नत्र आहे की मात्रेचा फरकच पुसला जाईल. आखणी त्या बाजूने सहा मीटर सरकवली.

१४ जून. खताचा हिशेब

तुकडा ०.०१८ हेक्टरचा. न१२० ला नत्र २.१६ किलो, युरियात ते ४६ टक्के, म्हणून युरिया ४.७० किलो. न६० ला २.३५, न१८० ला ७.०४. स्फुरद १.०८ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १६ टक्क्यांचे, म्हणून ६.७५ किलो. पालाश १.०८ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश ६० टक्क्यांचे, म्हणून १.८ किलो, पा१२० ला ३.६.

डीएपी मुद्दाम घेतले नाही. त्यात १८ टक्के नत्र असल्याने स्फुरद देताना नत्रही जाते आणि न६० चा हिशेब वाकडा होतो.

शेणखत ०.५ टक्के नत्राचे धरले तर ६० किलो नत्राला हेक्टरी १२ टन, तुकड्याला २१६ किलो. पण त्यासोबत स्फुरद-पालाशही येते. साधारण ०.२ आणि ०.५ टक्के धरल्यास शे१२० मध्ये सुपर फॉस्फेट ४.०५ किलोच लागते आणि पोटॅश अजिबात नाही. ही वजाबाकी विसरली तर नंतर दिसणारा फरक शेणखतातल्या नत्राचा की जास्तीच्या पालाशचा, हे सांगता येणार नाही. एवढे करूनही हा हिशेब कागदावरचाच आहे. शेणखतातले नत्र हळूहळू सुटते, पहिल्या हंगामात सगळे पिकाच्या हाती लागत नाही. म्हणजे शे१२० चे झाड सुरुवातीला न१२० पेक्षा भुकेले असणार. तुलना करताना हे डोक्यात ठेवायचे.

एकूण खरेदी: युरिया ८४.६ किलो (४५ किलोच्या दोन गोण्या), सुपर फॉस्फेट १२४ किलो (तीन गोण्या), पोटॅश ३६ किलो (एक गोणी). युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, पोटॅशची त्याच्या कितीतरी पटीने. शेतात नत्र जास्त आणि पालाश कमी का पडते याचे उत्तर बरेचसे या दोन पावत्यांतच आहे.

१९ जून. पेरणी

७५ मि.मी.च्या पुढे पाऊस झाल्यावर आणि वाफसा आल्यावर टोकण. नत्राचे हप्ते ४०:३०:३०, पेरणीला, एक महिन्याने, दोन महिन्यांनी. न१२० ला आज युरिया १.८८ किलो, न१८० ला २.८२, न६० आणि शे१२० ला ०.९४. स्फुरद-पालाश सगळे आजच. शेणखत आठवडाभर आधी पसरून मातीत मिसळले होते.

खत बियाण्यापासून ५ सें.मी. बाजूला आणि तितकेच खाली. युरिया बियाण्याला लागला की उगवण मरते. न१८० मध्ये हा धोका सर्वांत जास्त. तिथे झाडे विरळ झाली की उरलेल्या झाडांवर कीड दाट दिसते आणि दोष नत्राच्या नावावर चढतो. त्यामुळे दहाव्या दिवशी नांगे भरणे (रिकाम्या जागी रोपे लावणे) या चाचणीत टाळता येणार नाही. प्लास्टिकच्या पिशवीत ६० रोपे वेगळी लावून ठेवली.

८ जुलै (पेरणीनंतर १९ दिवस)

पानावर मोजण्यासारखे काही नाही. बीटी बियाण्याला इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली येते. पहिला महिनाभर रसशोषक किडी दबलेल्या असतात. या काळातले आकडे मात्रांच्या तुलनेत धरायचे नाहीत.

जमिनीवरचे मित्रकीटक मात्र आताच बघायचे. प्रत्येक तुकड्यात ३ खड्डा-सापळे: २०० मि.लि.चा प्लास्टिकचा ग्लास, काठ जमिनीशी बरोबर समपातळीत, आत एक तृतीयांश पाणी, चिमूटभर कपड्याचा साबण आणि चमचाभर मीठ. वर चार काड्यांवर पत्र्याचा तुकडा, नाहीतर एका सरीत ग्लास भरून वाहतो. काठ अर्धा सेंटिमीटर जरी वर राहिला तरी भुंगेरे त्याला वळसा घालून जातात. माती खचते, म्हणून दर पावसानंतर काठ पुन्हा दाबायचा.

४८ तासांनी काढले. शे१२० मध्ये स्प्रिंगटेल (मातीतले बारीक, उड्या मारणारे जीव) भरपूर, आणि त्यांच्यामागे फिरणारे स्पायडर व जमिनीवरचे भुंगेरे इतर मात्रांपेक्षा जास्त. कारण सरळ आहे: कुजणाऱ्या शेणखतावर स्प्रिंगटेल पोसतात, स्पायडरना पिकावर कीड येण्याआधीच खायला मिळते आणि ते तुकड्यात टिकतात. नुसत्या युरियाच्या तुकड्यात पहिल्या महिन्यात त्यांना खाण्यासारखे फार कमी असते.

नोंदवहीत एक दुरुस्ती. ‘कोळी’ हा शब्द दोन जणांनी दोन अर्थांनी लिहिला होता: एकाने स्पायडरसाठी, दुसऱ्याने पानाखालच्या लाल कोळीसाठी. एक मित्र, दुसरा शत्रू. यापुढे ‘स्पायडर’ आणि ‘लाल कोळी’ असेच लिहायचे, नुसते ‘कोळी’ नाही.

२२ जुलै (३३ दिवस)

दुसरा हप्ता १९ ला द्यायचा होता. झड लागल्याने तीन दिवस पुढे. साचलेल्या पाण्यात युरिया टाकला तर नत्र वायू होऊन उडते किंवा वाहून जाते, आणि सुकलेल्या जमिनीवर उघडा ठेवला तर अमोनिया होऊन. वाफसा आल्यावर बांगडी पद्धतीने झाडाभोवती देऊन लगेच मातीने झाकला. न१२० ला १.४१ किलो, न१८० ला २.११, न६० व शे१२० ला ०.७० किलो. ३३० झाडांवर १.४१ किलो म्हणजे झाडाला सव्वाचार ग्रॅम. हाताच्या चिमटीने हे जमत नाही. औषधाच्या बाटलीचे झाकण कापून त्यात तेवढाच युरिया मावेल असे माप केले. न६० साठी त्यावर अर्ध्याची खूण.

२ ऑगस्ट (४४ दिवस). पहिली पूर्ण मोजणी

तुकड्यात ५ झाडे, म्हणजे एका मात्रेची २० झाडे. झाडाला तीन पाने: वरचे, मधले, खालचे. वेळ सकाळी ९ च्या आत. क्रम ठरलेला, तो मोडायचा नाही:

आधी झाडाला हात न लावता, दोन पावले लांबून पूर्ण झाडावरचे मित्रकीटक. ढालकिडे धक्का लागताच अंग टाकून खाली पडतात. मग पान न हलवता, टोकाला अलगद धरून उलटायचे आणि पांढऱ्या माशीचे प्रौढ मोजायचे, कारण त्या पहिल्या उडतात. मग तुडतुड्यांची पिल्ले; ती तिरकी पळतात आणि सावली पडली की पानाच्या दुसऱ्या अंगाला जातात, म्हणून मोजणाऱ्याचे तोंड सूर्याकडे हवे. शेवटी १० पट भिंगाने फुलकिडे आणि मावा.

आर्थिक नुकसानीच्या पातळ्या (कीड यापुढे गेली की फवारणीचा विचार करायचा) पत्रकाच्या डोक्यावर लिहून ठेवल्या: मावा १० प्रति पान, तुडतुडे २ ते ३ पिल्ले प्रति पान, फुलकिडे १० प्रति पान, पांढरी माशी ८ ते १० प्रौढ प्रति पान.

तुडतुड्यांत मात्रांचा क्रम स्पष्ट दिसतो: न१८० सर्वांत वर, मग न१२०, मग पा१२० व शे१२० जवळजवळ सारखे, न६० सर्वांत कमी. क्लोरोफिल मीटरचे (पानाचा हिरवेपणा मोजणाऱ्या यंत्राचे) वाचनही त्याच क्रमाने. ते शेंड्याकडून चौथ्या पानावर, मधली शीर टाळून, दव सुकल्यावर, १० पानांची सरासरी.

पा१२० चे स्थान लक्षात घेण्यासारखे. नत्र न१२० इतकेच, तरी कीड कमी. पालाश पुरेसे असेल तर झाड शोषलेल्या नत्राचे प्रथिन बनवते. कमी पडले तर मोकळी अमिनो आम्ले पानाच्या रसात साचतात. रस शोषणाऱ्या किडीला नेमके तेच हवे असते, कारण तिच्या आहारात साखर उतू जाते आणि नत्र तुटपुंजे असते. म्हणजे ‘जास्त नत्र’ आणि ‘कमी पालाश’ किडीच्या दृष्टीने एकाच ताटात येतात.

९ ऑगस्ट (५१ दिवस)

मावा वाढतो आहे. ढालकिडे न१८० मध्ये सर्वांत जास्त. हे वाचून ‘नत्राने मित्रकीटकही वाढतात, काळजी नको’ असा निष्कर्ष निघायला वेळ लागणार नाही, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

मित्रकीटक भक्ष्याच्या मागे जातात. जिथे मावा जास्त तिथे ढालकिडे येणारच. पहायचे ते प्रमाण. पीक परिसंस्था विश्लेषणात (शेतातली कीड आणि मित्रकीटक मोजून निर्णय घेण्याच्या पद्धतीत) दोन किडींमागे एक मित्रकीटक हे २:१ प्रमाण कामचलाऊ धरतात. न६० मध्ये ढालकिडे थोडे, पण मावाही थोडा, आणि प्रमाण चांगले. न१८० मध्ये ढालकिडे दुप्पट दिसले आणि मावा चौपट असला, तर प्रमाण निम्म्यावर आले.

मावा मागे का पडत नाही? त्याची मादी नराशिवाय पिल्ले देते, आणि या दिवसांत पिल्लू साधारण आठवड्यात वयात येते. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ व्हायला दोन ते तीन आठवडे. नत्राने माव्याची पिढी आणखी लवकर येते आणि मादीमागे पिल्ले वाढतात. ढालकिड्याला खाणे जास्त मिळाले तरी त्याची पिढी त्या वेगाने आखूड होत नाही. ही शर्यत पहिल्या दोन आठवड्यांत हरली की नंतर भरून निघणे अवघड.

दुसरी अडचण या चाचणीच्या आकाराचीच आहे. १८० चौ.मी.चा तुकडा ढालकिड्याला एका उडीचा. आजूबाजूच्या तुकड्यांतले भुंगेरे न१८० मध्ये गोळा होतात, म्हणजे न१८० ला उसनी मदत मिळते आणि न६० ची मदत कमी दिसते. पूर्ण शेतात १८० किलो नत्र टाकणाऱ्याला ही उसनवारी मिळणार नाही. नुसत्या मोजणीने हा गुंता सुटत नाही. त्यासाठी पिशव्यांचा प्रयोग लावायचा.

माव्याच्या ममी वेगळ्या नोंदल्या: फुगलेला, कागदासारखा भुरकट मावा, म्हणजे आत गांधीलमाशीची अळी. त्या मित्रकीटकांत मिळवायच्या नाहीत, माव्यातूनही वजा करायच्या. पानासह काचेच्या नळीत, तोंडाला कापूस, ७ ते १० दिवस. गोल भोक पाडून माशी निघाली तर परोपजीवी. भोक दातेरी, खडबडीत असेल तर परोपजीवीवरचा परोपजीवी असण्याची शक्यता.

मुंगळ्यांच्या रांगा ज्या झाडांवर, तिथे मावा दाट आणि ममी जवळजवळ नाहीत. मधरसासाठी मुंग्या माव्याची राखण करतात. अशी झाडे वगळली नाहीत, पण पत्रकात ‘मुं’ अशी खूण.

१९ ऑगस्ट (६१ दिवस)

तिसरा हप्ता, मात्रा मागच्यासारखीच. बाकी विशेष काही नाही.

२८ ऑगस्ट (७० दिवस). पिशव्या लावल्या

प्रत्येक तुकड्यात सारख्या वयाच्या तीन फांद्या, एकूण ६०. एक बंद पिशवीत, एक उघडी, आणि एक चिरा दिलेल्या पिशवीत. तिसरी का? कापडाने सावली आणि दमटपणा वाढतो, त्यानेही मावा वाढतो. चिरांच्या पिशवीत हवा बंद पिशवीसारखी, पण मित्रकीटकांना आत वाट. तिच्यातला मावा उघड्या फांदीसारखा राहिला तर बंद पिशवीतला फरक मित्रकीटकांचा. तो बंद पिशवीकडे झुकला तर कापडाचा.

कापड मलमल. ४० मेशची नायलॉन जाळी आधी आणली होती. तिच्यातून आफेलिनस ही माव्यावरची बारीक परोपजीवी गांधीलमाशी शिरू शकते. आत तारेचे दोन कडे, नाहीतर कापड पानाला टेकते आणि मावा कापडाला चिकटतो. देठाशी कापसाचा वेढा देऊन त्यावर दोरा, म्हणजे फांदी कापली जात नाही आणि मुंगी आत जात नाही.

बांधण्याआधी फांदीवरचे सगळे मऊ ब्रशने काढायचे. सिरफिड माशीचे पांढरे, तांदळाच्या कणीसारखे अंडे आणि क्रायसोपाचे केसावरचे अंडे हमखास नजरेतून सुटते. असे एक अंडे बंद पिशवीत राहिले तर तीन दिवसांत अळी सगळा मावा फस्त करते. मग प्रत्येक फांदीवर बिनपंखी मोठे १० मावे, त्याच तुकड्यातल्या झाडांवरून. दुसऱ्या दिवशी पाहून मेलेले बदलले.

२ सप्टेंबर (७५ दिवस). पिशव्या उघडल्या

वाचायची रीत समजण्यासाठी मनाने घेतलेले आकडे, मोजलेले नव्हेत: न६० मध्ये बंद पिशवीत ६० आणि उघड्यावर २० मावे, तर मित्रकीटकांनी ४० खाल्ले, म्हणजे दोन तृतीयांश. न१८० मध्ये बंद १५० आणि उघड्यावर ७५, तर खाल्ले ७५, पण ते निम्मेच. खाल्ले जास्त, उरलेही जास्त.

आमच्या पत्रकाचा कल असाच आहे. बंद पिशवीतली वाढ न१८० मध्ये सर्वांत वेगवान. म्हणजे मित्रकीटक नसतानाही नत्र एकटे माव्याला पुढे ढकलते. उघड्या फांदीवर उरणारा हिस्साही तिथेच सर्वांत मोठा. शे१२० मध्ये बंद पिशवीतली वाढ न६० पेक्षा थोडी जास्त, पण उघड्यावर उरलेला मावा जवळपास सारखा. चिरांच्या पिशव्या उघड्या फांद्यांच्या जवळ राहिल्या, म्हणून कापडाचा दोष मोठा नाही. तीन बंद पिशव्यांत क्रायसोपाची अळी निघाली. ते आकडे बाद.

११ सप्टेंबर (८४ दिवस)

पश्चिमेच्या शेजारच्या शेतात काल फवारणी झाली, वारा इकडे होता. त्या बाजूच्या दोन तुकड्यांत ढालकिडे जवळजवळ नाहीत, तुडतुड्यांची पिल्ले मात्र आहेत. प्रौढ मित्रकीटक उघड्यावर फिरतात, पिल्ले पानाखाली सुरक्षित राहतात. तुषार आधी मित्रालाच लागतो. दोन्ही तुकड्यांची पुढची तीन आठवड्यांची मोजणी तुलनेतून वगळली. पुढच्या वेळी त्या कडेला दाट तूर किंवा ज्वारीच्या ४ ओळी हव्यात.

दुसरी एक चूक पकडली. पत्रकात न१८० च्या एका तुकड्यात ‘पिठ्या ढेकूण’ अशी नोंद होती. भिंगाखाली त्या स्किम्नस या बारीक ढालकिड्याच्या अळ्या निघाल्या. अंगावर पांढऱ्या मेणाचे झुपके असतात. बोट लावले की झरझर पळते ती अळी, जागीच बसतो तो ढेकूण. खरा पिठ्या ढेकूण सापडला तर झाड लगेच उपटायचे नाही, आधी तपकिरी, कडक ममी आहेत का ते पाहायचे. २००७ च्या सुमारास या ढेकणाने कपाशीत हाहाकार केला होता, आणि त्यानंतर तो आटोक्यात येण्यात एनासिअस या इवल्या गांधीलमाशीचा वाटा मोठा होता.

२५ सप्टेंबर (९८ दिवस)

न१८० मध्ये तुडतुडे पातळीच्या वर. दुसऱ्या कुठल्याही मात्रेत नाहीत. फवारले तर चाचणी बिघडते, न फवारले तर तुकडा जातो. मार्ग असा: न१८० चा प्रत्येक तुकडा मधोमध दोरीने वाटून अर्ध्यावर ५ टक्के निंबोळी अर्क, अर्धा तसाच. हेक्टरी ५०० लिटरच्या हिशेबाने अर्ध्या तुकड्याला ४.५ लिटर, म्हणजे निंबोळी पूड २२५ ग्रॅम. रात्रभर अर्धा लिटर पाण्यात भिजत, सकाळी फडक्यातून दोनदा पिळून, ९ ग्रॅम साबण पूड घालून पाणी पुरे करायचे. नोझल पानाखालून वर.

न१८० ची झाडे एकमेकांत घुसली आहेत, फवारा आतल्या पानांवर पोचत नाही. हा नत्राचा आणखी एक तोटा: कीडही जास्त, आणि तिच्यापर्यंत पोचणेही कठीण.

९ ऑक्टोबर (११२ दिवस)

पाने लाल दिसू लागली, दोन वेगळ्या कारणांनी. न१८० मध्ये कडा पिवळ्या, खाली मुरडलेल्या, मग लाल: तुडतुडे. न६० मध्ये पान सपाट, शिरांमधला भाग लाल, किडीची पिल्ले नाहीत: लाल्या, नत्र-मॅग्नेशियम कमी पडल्याची खूण. म्हणजे न६० हे उत्तर नाही. तिथे मित्रकीटक जिंकले, पण झाडच उपाशी राहिले. क्लोरोफिल मीटर दोन्हीकडे कमी आकडा दाखवतो, त्यामुळे आजपासून त्यावर नत्राचा अंदाज बांधायचा नाही.

२० नोव्हेंबर (१५४ दिवस). दुसरी वेचणी

न१८० ची झाडे सर्वांत उंच. खालची बोंडे दाटीत सडली, वरची उशिरा उमलत आहेत. वजनात तो न१२० च्या पुढे गेलेला नाही. पा१२० आणि शे१२० न१२० च्या बरोबरीने. न६० मागे.

पुढच्या हंगामासाठी बदल: न१८० काढून त्याजागी न९०. तिसरा हप्ता पात्या (कळ्या) आणि फुलांची संख्या आणि चौथ्या पानाचा रंग पाहून द्यायचा की सोडायचा, याची वेगळी जोड. शेणखत आणि जास्तीचा पालाश एकत्र असलेली एक मात्रा. पुनरावृत्ती तीनच, पण तुकडा किमान १० गुंठ्यांचा, म्हणजे ढालकिड्यांची उसनवारी कमी होईल. मलमलच्या पिशव्या धुऊन, सुकवून, कडुनिंबाच्या पाल्यात बांधून ठेवल्या. ४ फाटल्या आहेत, त्या शिवायच्या.